पोटखराब

लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा. आमच्या भागात या धंद्याचा पहिला नियम असा, की फोटोत कोणी सुटता कामा नये. स्टेजवर नवरदेवाकडचे २७ जण चढले तर २७ही दिसले पाहिजेत. कडेच्या मामाचा खांदा कापला गेला तरी अल्बम परत येतो. एका नवरीच्या आईनं एकदा करिझ्मा अल्बम मांडीवर घेतला आणि माझ्यादेखत बोट ठेवून डोकी मोजली. एक कमी भरलं. धाकटी जाऊ फेट्याच्या तुऱ्यामागं गेली होती. "पैसे पुरे घेतले न दादा, मंग मानसं काऊन कमी?" मी पुढच्या पानावरचा त्या जाऊबाईंचा वेगळा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "तो एकटीचा हाये. एकटीचं काय करू?"

हे वाक्य डोक्यात राहिलं, कारण मी स्वतःसाठी जे फोटो काढतो त्यांत एकटं झाड असतं, नाहीतर तेही नसतं.

गाव दारव्हा तालुक्यात, अडाण नदीपासून कोसभर. घरची सात एकर कोरडवाहू, बाबा अजून स्वतः पाहतात. मी तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवतो. सीझनमध्ये लग्नं, बाकी वर्षभर पासपोर्ट फोटो आणि आधारची झेरॉक्स. नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात कारंज्याकडचं एक लग्न होतं. पाठवणी पहाटे चारला आटोपली. मोटरसायकलनं घरी येताना पांदणीच्या तोंडाशी थांबलो, कशाला ते सांगायला नको. दिवस अजून उगवायचा होता. समोर एक वखरलेलं वावर. खाली काळी पट्टी, वर राखाडी पट्टी, आणि दोन्हींच्या शिवणीवर अंगठ्याएवढी एक बाभूळ. बस्स. रात्रभर डोळ्यांपुढं जरीच्या साड्या, एलईडीची भिंत आणि डीजेचे लेझर नाचत होते. कुणीतरी एकदम सगळे दिवे मालवावेत तसं झालं. कार्डात ११ फोटोंची जागा उरली होती. अकराही काढले, सगळे एकसारखे.

सकाळी आईला दाखवले. तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर नाक टेकवलं. "इथं तं कोनीच नाई. चुकून बटन दबलं काय?"

पुढं कधीतरी फोनवर व्हिडिओ पाहताना कळलं, की चुकून दबलेल्या या बटणाला जगात नाव आहे. मिनिमल म्हणतात, ॲब्स्ट्रॅक्ट म्हणतात, मोकळ्या जागेला निगेटिव्ह स्पेस म्हणतात. विषय कोपऱ्यात एवढासा ठेवायचा आणि उरलेली सगळी फ्रेम रिकामी सोडायची. शिकवणारे बहुतेक जण बर्फात, समुद्रावर, नाहीतर वाळवंटात उभे असायचे. आमच्याकडे तिन्ही नाहीत. आमच्याकडे आहे ती काळी, आणि तीही वर्षातले काही महिनेच उघडी असते.

एका रात्री जेवताना बाबांना हे समजावून सांगायला गेलो. म्हटलं, फोटोत अशी एक जागा असते जिथं काहीच नाही. तिथं काही पिकत नाही म्हणा ना. पण ती काढून टाकली तर फोटो उभाच राहत नाही. बाबांनी भाकर मोडली.

"म्हंजे पोटखराब."

ज्यांनी सातबारा कधी हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यावर लागवडीखालचं क्षेत्र वेगळं लिहिलेलं असतं आणि पोटखराब वेगळं. नाल्याचा काठ, उघडा खडक, वाटेत गेलेली पट्टी. जमीन तुमचीच, पण पेरता येत नाही, आणि म्हणून तिच्यावर शेतसाऱ्याची आकारणीही नाही. आमच्या गटात ११ आर पोटखराब आहे, नाल्यालगतचा मुरमाड तुकडा, त्यावर एक जुना हिवर. लहानपणी बैल सुटले की त्याच्याखाली, डबा उघडायचा तो त्याच्याखाली, पाण्याची घागर त्याच्याच बुडाशी, वखराची पास घासायचा दगडही तिथलाच. वेचणीला आलेल्या बायांची तान्ही पोरं त्याच्याच फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजायची. कागदावर निकामी ठरलेल्या तेवढ्या जागेवर अर्धं शेत चालायचं. व्हिडिओतल्या गोऱ्या माणसाला वीस मिनिटांत जे सांगता आलं नव्हतं ते बाबांनी एका शब्दात सांगून वर वरण वाढून घेतलं.

अमेरिकेतल्या आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या फोटोग्राफरनं १९२२ पासून पुढं कितीतरी वर्षं नुसते ढग टिपले. पुष्कळ फोटोंत क्षितिज नाही, झाड नाही, कुठल्या घराचं छप्पर नाही, वर कुठलं आणि खाली कुठलं तेही कळत नाही. या मालिकेला पुढं त्यानं 'इक्विव्हॅलंट्स' असं नाव दिलं. ढगच का, तर ते सगळ्यांचे असतात, त्यांच्यावर अजून कर बसलेला नाही, असं त्यानं १९२३ मध्ये लिहिलंय. हे वाचलं तेव्हा वाटलं, या माणसाची आणि आमच्या बाबांची एकदा गाठ पडायला हवी होती.

रिकामं टिपणं सोपं असेल असं ज्याला वाटतं त्यानं एकदा कापसाच्या खोलीत कॅमेरा घेऊन जावं. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की आमची मागची खोली भरायला लागते. भाव येईपर्यंत ठेवायचा म्हणून. गंजी चढत चढत खिडकीला भिडते, वरच्या दोन गजांतून उन्हाची तिरीप येते, आणि खोलीला कोपरे उरत नाहीत. पांढऱ्यावर पांढरं. याहून मिनिमल काय असणार, म्हणून मी दारातून एक फोटो काढला. पडद्यावर पाहतो तर ओली राख.

दोष मीटरचा. कॅमेऱ्यातल्या या मीटरला समोर कापूस आहे की कोळसा हे ठाऊक नसतं. किती उजेड परतून आला एवढंच ते मोजतं, आणि जग सरासरी १८ टक्के उजेड परतवतं, म्हणजे मध्यम राखाडी आहे, असं धरून चालतं. पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, ते कमी करतं. काळं दिसलं की वाटतं अंधारलं, ते वाढवतं. त्याच्या भरवशावर सोडलं तर आमचा कापूस आणि आमची काळी, दोन्ही एकाच मळकट रंगाच्या निघतात. म्हणून कापसाला दीड स्टॉप (स्टॉप म्हणजे उजेडाची एक पायरी) वर चढवायचं, पावसानं भिजलेल्या काळीला एक-दीड स्टॉप खाली उतरवायचं. म्हणजे आधी आपल्याला माहीत पाहिजे, की समोरचं खरोखर किती पांढरं आहे. आणि कापूस तरी कुठं एकसारखा पांढरा असतो! पहिल्या वेचणीचा वेगळा, फरदडीचा वेगळा, बोंड फुटल्यावर पाऊस लागलेला तर कवडीच. व्यापारी चिमटीत धागा ओढून दोन सेकंदांत सांगतो. मला हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उघडावा लागतो. त्या दिवशी चांगला फोटो मिळेस्तोवर तासभर गंजीत बसलो आणि रात्रभर अंग खाजवत राहिलो. आई म्हणाली, "कापसात लोयला, आता खाजव."

एकदा बाबांना फोनवर आंद्रेयास गुर्स्की या जर्मन फोटोग्राफरचा 'ऱ्हाइन दोन' दाखवला. १९९९ चा फोटो. हिरवळीच्या पट्ट्या, त्यांमधून नदी, वर ढगाळ आभाळ; सगळं आडवं, सगळं सरळ. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो ४३ लाख डॉलरच्या वर गेला, तोवर कुठल्याही फोटोला एवढी किंमत आली नव्हती. बाबांनी फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला.

"नदी न दोन धुरे," ते म्हणाले. धुरा म्हणजे शेताचा बांध. "रुपयात किती?"

"वीस कोटींच्या वर."

"बाप्पा! एवढ्यात तं अख्खं शिवार येते. नदीसकट."

मग मी त्यांना सांगितलं, की नदीपलीकडं एक कारखान्याची इमारत होती आणि काठानं कुत्री घेऊन फिरणारी माणसंही होती, ती त्यानं कॉम्प्युटरवर पुसून टाकली. बाबा थोडा वेळ फोनकडं पाहत राहिले. "ज्याची जागा हाये त्याले विचारलं होतं काय?"

मी हसलो होतो. पुसणं हे माझं रोजचं काम; नवरीच्या गालावरचा फोड पुसतो, मंडपातली प्लास्टिकची खुर्ची पुसतो, विजेची तार तर पहिली. पण त्या दिवसापासून वावरातल्या फोटोत काही पुसायला हात धजत नाही. खांब आडवा आला तर मी दोन पावलं डावीकडं सरकतो, पंप-घराचं पत्र्याचं छप्पर डोकावलं तर खाली बसतो. उभ्या पऱ्हाटीतून सरकताना पँटला काय काय चिकटतं ते सोडा. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस पांदण, दक्षिणेस तमक्याचा धुरा, तिची मला अशा वेळी आठवण होते. शेत बांधलं जातं चार ओळींत, आणि चारही ओळी शेताबाहेरच्या गोष्टींच्या. मीही फ्रेमच्या चार कडांवर तेच करत असतो. आत काय ठेवलं ते कोणालाही दिसतं. कडेला काय सोडलं ते मला पाठ असतं.

चित्रकार वासुदेव गायतोंडे जन्मानं नागपूरचे, १९२४ चे. आयुष्य गेलं मुंबईत आणि दिल्लीत. त्यांची चित्रं मी फोनच्या काचेवरच पाहिलीत, खऱ्या कॅनव्हाससमोर उभं राहायचा योग अजून आला नाही. रंगावर रोलर फिरवायचा, सुरीनं ओढायचा, खालचा थर वर डोकावू द्यायचा, अशी त्यांची रीत. आपल्या चित्रांना कोणी अमूर्त म्हटलेलं त्यांना पसंत नसे, ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. त्यांच्या चित्रात विदर्भ शोधायचा हा आमच्याकडचा भाबडेपणा आहे आणि मी तो करणार नाही. एवढंच सांगतो, की वखर चालू असताना पासेखालून ओली माती वर येते, घडीभरात वाळून फिकी पडते, तोवर शेजारी नवी ओली पट्टी निघालेली असते. दुपारपर्यंत एकाच वावरात काळ्याचे चार-पाच थर दिसतात, एकमेकांत शिरलेले. मग करायचा नाही म्हटलेला भाबडेपणा होतोच.

नसरीन मोहमदींची गोष्ट तर मला त्याहून जवळची वाटते. त्या ओळखल्या जातात रेषांच्या चित्रांसाठी, पण फोटोही काढत. रस्ते, पाणी, सावल्या, त्यांतून फक्त रेघा उरलेल्या. १९९० मध्ये त्या गेल्या, आणि हयातीत त्यांनी हे फोटो कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. माझ्याही स्टुडिओतल्या हार्ड डिस्कवर 'लग्न' नावाचे दोनशे फोल्डर आहेत आणि 'इतर' नावाचं एक.

या 'इतर'मधले फोटो पहिल्यांदा बाहेर गेले ते मात्र माझ्या मूर्खपणामुळं. बाहेरच्या एका अंकाला विदर्भाचे फोटो हवे होते. ओळखीतून निरोप आला. मी हौसेनं बारा फोटो पाठवले: धुरे, आभाळ, वाळलेल्या पळाट्यांची सावली, कापसाची ती पांढरी खोली. त्यांनी एकच उचलला. भेगाळलेल्या जमिनीचा. वरून सरळ खाली टिपलेला, कडेपासून कडेपर्यंत नुसत्या भेगा, कुठं गवताची काडी नाही. माझ्या मते त्या बारांतली ती सगळ्यांत निखळ चौकट होती; भेगांचं जाळं असं, की नकाशा म्हणा, पानाच्या शिरा म्हणा, म्हातारीच्या हाताची कातडी म्हणा. अंक आला. फोटोखाली दुष्काळाच्या दोन ओळी होत्या आणि एका रडक्या लेखाच्या डोक्यावर तो चढवला होता.

तो फोटो मे महिन्यातला होता. त्या वर्षी दुष्काळ नव्हता.

काळ्या मातीला भेगा पडतात कारण ती काळी माती आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा पसरला त्याच्या बेसाल्टची झीज होऊन ही माती झाली, आणि तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात आकसली की फाटते. बैल हाकायची तुतारी अर्ध्याच्या वर आत जाईल एवढ्या खोल भेगा आमच्या वावरात दर उन्हाळ्यात पडतात. वरचा भुगा त्यांत पडतो, मृगाचा पहिला पाऊस त्यांतूनच खाली मुरतो, मग माती फुगून भेगा मिटवते आणि खालची माती थोडी वर ढकलते. जमीन स्वतःला स्वतःच वखरते म्हणा. "मे महिन्यात भेग नाई पडली तं समजाव, काईतरी बिनसलं," हे बाबांचं म्हणणं. तापली पाहिजे, फाटली पाहिजे, तरच पेरणीला मोकळी होते.

पण तीच भेग ऑगस्टमध्ये, उभ्या सोयाबीनच्या दोन ओळींमधून पडलेली दिसली, तर बाबा जेवत नाहीत. तेव्हा ती मुळं तोडते आणि उरलीसुरली ओल बाहेर सोडते. मेमधली भेग आणि ऑगस्टमधली भेग फोटोत हुबेहूब सारखी दिसते. मीच पीक फ्रेमबाहेर ठेवलं, आभाळ बाहेर ठेवलं, आणि त्याबरोबर महिनाही बाहेर ठेवला. मोकळी सापडलेली जागा त्या अंकानं भरून टाकली. त्यांना दोन-तीन दिवस शिव्या दिल्या, मग लक्षात आलं की निम्म्या माझ्याच वाट्याच्या आहेत.

आता प्रत्येक फोटोच्या फाइलच्या नावात महिना लिहितो. मराठी. 'वैशाख', 'भादवा'. श्रावणाच्या फायली जवळपास नाहीत. श्रावणात आमच्याकडं सगळंच हिरवं असतं, आणि सगळंच भरलेलं असलं की माझ्यासारख्याला उपाशी राहावं लागतं. त्या दिवसांत मी बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवर जातो. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, अडीच फुटी गेज. आता रुळ गवतात बुडालेत, नुसत्या दोन गंजक्या रेघा वळणावर कुठं कुठं वर येतात. लोणारलाही एकदा जाऊन आलो. २०२० च्या जूनमध्ये त्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, त्याचे फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलेच असतील. पाणी घटून खारटपणा वाढला आणि त्यात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. मी पोचलो तेव्हा लॉकडाउन उठला होता आणि रंगही उडाला होता. जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर कुठल्याच लेन्सला पेलेना. शेवटी काठावर उकिडवा बसलो आणि पाण्याची कड, तिच्यावर वाळलेली क्षाराची पांढरी किनार, एवढंच घेऊन आलो. एका हाताच्या अंतरावरून. आईला ती कढईच्या कडेला लागलेली साय वाटली.

धुक्याचं सांगायचं राहिलं. खरं तर तेच सांगायचं होतं.

आमच्याकडं धुई म्हणतात. मिनिमल फोटो काढणाऱ्याला धुई म्हणजे घरी चालून आलेली लक्ष्मी. ती मागचं गाव खाते, टॉवर खाते, शेजाऱ्याचं पत्र्याचं गोदाम खाते. जवळचं झाड काळं, त्यामागचं राखाडी, त्यामागचं नुसता संशय. काही पुसावं लागत नाही. बर्फाच्या देशांतले फोटोवाले ज्या पांढऱ्यासाठी हजारो मैल जातात ते पांढरं पौष लागायच्या सुमाराला दोन-तीन सकाळी आमच्या दारात येऊन उभं राहतं.

आणि नेमकी तेव्हाच तूर फुलोऱ्यावर असते. धुई पडली की फुलोऱ्यावर दव बसतं, ऊन उशिरा येतं, फूल काळवंडून गळतं. एका वर्षी असंच बाबांनी मला पहाटे चारला हलवलं. "ऊठ. धुई पडली." अंगणातला हापसा दिसत नव्हता. आम्ही दोघांनी ओलं कुटार आणि गोठ्यातला काडीकचरा पोत्यांत भरला, मोटरसायकलला बांधला आणि वावरात नेला. धुऱ्यावर ढीग करून पेटवायचे, जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर काढायचा. धूर तुरीवर रेंगाळला की जरा ऊब धरते, दव कमी बसतं, असा भरवसा. पूर्वेच्या धुऱ्यावर बाबा, पश्चिमेला नाल्याच्या बाजूनं मी. माझ्या वाट्याला तीन ढीग होते.

कॅमेरा मी घेतला होता. बाबांना दिसू नये म्हणून कुटाराच्या पोत्यात घातला होता, हे पहिल्यांदाच लिहितोय.

सात वाजायच्या सुमाराला पांढरं थोडं उजळलं. मी ढिगाला फुंकर घालून मान वर केली तर समोर पोटखराबातला हिवर उभा. नुसता हिवर. त्याच्या खाली जमीन नाही, वर आभाळ नाही. डावीकडं तुरीच्या शेंड्यांची एक पुसट तिरकी रेघ, अशी फिकी की आहे असं म्हणावं तर आहे. मी पोत्यातून कॅमेरा काढला, दीड स्टॉप वर चढवला, आणि मग पुढचं मला फारसं आठवत नाही. वाकलो, सरकलो, लेन्स पुसली, थांबलो. हिवराच्या एका फांदीवर कोतवाल येऊन बसला, तो उडून जाईपर्यंत वाट पाहिली. भरल्या फ्रेमवर जगणाऱ्या माणसाला तो एक पक्षीही जास्त वाटत होता! ४० मिनिटं गेली असतील. पाठीमागून बाबांची हाक आली तेव्हा माझ्या तीन ढिगांपैकी दोन विझलेले होते.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी वाकून एक ढीग काडीनं उकरला, खाली विस्तव होता, त्यावर कुटाराची मूठ टाकली आणि पाठमोरे झाले.

आठवड्याभरात तुरीखाली पिवळा सडा पडला. त्या दोन एकरांत एरवी आठ-नऊ क्विंटल होते, त्या वर्षी साडेतीन झाली. धुईनं गेली, की मर आधीपासूनच लागली होती, की ढगाळलेल्या आठवड्यात अळीनं खाल्ली, यावर पारावर अजून एकमत नाही. माझे दोन ढीग पेटते राहिले असते तर किती वाचली असती, हा हिशेब मी कोणासमोर मांडला नाही. पूर्वेच्या धुऱ्यावरच्या ढिगांचा धूर शेवटपर्यंत चालू होता आणि तिकडचीही गेली, एवढा आधार घेतो.

तो फोटो मात्र लागला. पुढच्या वर्षी नागपूरला काही जणांनी मिळून एक छोटं प्रदर्शन केलं, त्यात माझे तीन फोटो होते. हिवरासमोर लोक थांबायचे. "किती शांत आहे," असं पाच-सहा जण म्हणाले. एका गृहस्थांनी विचारलं, हे जपान का? मायकल केन्ना नावाचा इंग्रज फोटोग्राफर होक्काइडोतल्या बर्फातली एकटी झाडं टिपतो, ती त्यांनी पाहिली असावीत. मीही पाहिली आहेत, पाहून जळलो आहे. मी म्हटलं, नाही, दारव्हा. ते म्हणाले, "वाटत नाही." दुसऱ्या एका बाईंनी खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ बोट नेलं. तिथं पांढरं अगदी कणभर निळसर होत जातं. इतकं मऊ ग्रेडियंट कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, असं त्यांनी विचारलं. मला उत्तर येत होतं. मी सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं.

एक प्रिंट विकली गेली. आठ हजाराला. घरी आल्यावर बाबांनी आकडा ऐकला आणि सवयीनं भागाकार केला: "म्हंजे क्विंटलभर तूर."

दुसरी प्रिंट बरेच दिवस गुंडाळीतच होती. या उन्हाळ्यात घराला रंग दिला तेव्हा आईनं ती बाहेर काढली, बैठकीत लावू म्हणाली, कोणी नसलं तरी आपलं झाड तर आहे. बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, प्रिंट मांडीवर घेतली आणि बघत राहिले. मग त्या नवरीच्या आईसारखंच बोट ठेवलं. हिवरावरून खाली, तुरीच्या पुसट रेघेवरून डावीकडं, कोपऱ्याशी थांबलं.

"हे धुई नाई," ते म्हणाले. "हा आपला धूर हाये. तुयाच ढिगाचा, विझाच्या आंधीचा."

मी हो म्हटलं.

त्यांनी प्रिंट उलटी करून मागं पाहिलं. मागं माझी सही, वर्ष, आणि प्रदर्शनवाल्यांनी लावलेली चिठ्ठी: 'शीर्षकहीन'.

"याचा अर्थ काय?"

"नाव नाही ठेवलं."

"काऊन?"

मी म्हटलं, अशा फोटोंना ठेवत नाहीत. नाव ठेवलं की लोक तेवढंच पाहतात.

बाबांनी उशीखालची डायरी काढली, तिच्यात अडकवलेली पेन्सिल माझ्याकडं केली. "नाव नको ठेवू," ते म्हणाले. "गट नंबर टाक. आन खाली लिही, पोटखराब अकरा आर."